अष्टमीच्या ओहोटीतला गोल्फ

अर्नाळ्याला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डावरून. पापडीच्या भाऊंचं कार्ड होतं. 'यंदा स्पर्धा शनिवार-रविवार, भर दुपारी. मुंबईची बडी मंडळी मोटारींनी येत आहेत. सौभाग्यवतींना अवश्य आणावे.' सौभाग्यवती म्हणजे मी. लग्नाला सहा महिने झाले होते आणि कुणी मला एवढ्या अदबीनं कुठे बोलावलं नव्हतं, म्हणून मी लगेच पिशवी भरायला घेतली.

या ब्लॉगवर नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. माझं वय आता अठ्ठ्याऐंशी आहे आणि माझे ताजे प्रवास डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंतच होतात. म्हणून मी जुन्या सहली लिहिते. ही पन्नासच्या दशकातली, आणे चालायचे तेव्हाची. भाडी तेव्हाची आहेत, तुम्ही त्यांच्यावर भांडू नका. रस्ता मात्र अजून तोच आहे.

आमचे हे, म्हणजे हरेश्वर (हयातभर नाव घेतलं नाही, आता लिहायला काय हरकत?), मुंबईतल्या एका क्लबात गोल्फ शिकवायचे. पोटासाठी खेळणाऱ्याला तिथे 'प्रो' म्हणत. ऐकायला भारी, पण क्लबात शिरायचं मागच्या दारानं आणि जेवायचं स्वयंपाकघराच्या पायरीवर. ते मूळचे अर्नाळ्याचे कोळी. होडीवर जायचं सोडून साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायला मुंबईला आले आणि वाहता वाहता खेळ शिकले. माझ्या सासूबाईंच्या लेखी ते अजून पिशवीच वाहत होते.

"या खेपेला जिंकायचंय," गाडीत बसल्यावर हे म्हणाले. "आयेसमोर."

"त्या बघायला येतात?"

"चार वर्षांत एकदाही नाय आली." एरवी त्यांची भाषा मुंबईची असे, पण गाडीनं भाईंदरची खाडी ओलांडली की 'नाही'चं 'नाय' व्हायचं. मला ते फार आवडायचं.

वसई रोडला उतरून पापडीपर्यंत टांगा केला. टांगेवाल्यानं माणशी सहा आणे मागितले, यांच्या खांद्यावरच्या काठ्या बघून चार आण्यांवर आला. त्याला वाटलं भजनाची वाद्यं आहेत. पापडीला भाऊंची केळीची आणि पानवेलींची वाडी. ओटीवर बाकीचे प्रो आधीच पोचले होते, सगळे मिळून अकरा जण. भाऊंच्या पत्नीनं केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असं पोटभर जेवायला घातलं. सगळ्यांना एका पंक्तीत. पुण्याहून आलेला एक उंच खेळाडू जेवता जेवता मला हळूच म्हणाला, "वहिनी, मी वर्षभर या पंक्तीची वाट बघतो. कप काय, मिळाला तर मिळाला."

या पंक्तीसाठीच ती स्पर्धा सुरू झाली होती. भाऊ एका क्लबाला विड्याची पानं पुरवायचे. स्वातंत्र्यानंतर तिथला एक गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं आपल्या काठ्या भाऊंना दिल्या. भाऊंना खेळता काही येईना. पण क्लबात जाता-येता त्यांनी एक पाहिलं होतं. साहेबांना खेळ शिकवणारी माणसं पावसातसुद्धा मागच्या पायरीवर बसून जेवतात. त्यांच्या मनाला ते लागलं. आमच्या किनाऱ्यावर दारच नाही, तिथे कुणाला मागून यायला लागणार नाही, असं म्हणून त्यांनी पहिल्या वर्षी सात जणांना अर्नाळ्याच्या पुळणीवर बोलावलं. पुळण म्हणजे ओहोटीला उघडी पडते ती घट्ट, ओली वाळू. तिच्यावर चालताना पाऊलही रुतत नाही. तिथे नऊ ठिकाणी खड्डे केले. गावातल्या लोकांनी त्यांना गोट्यांच्या खेळासारखं 'गल' म्हणायला सुरुवात केली आणि मग खेळाडूही गलच म्हणू लागले.

गोल्फमध्ये खड्ड्याभोवती गुळगुळीत हिरवळ लागते. पुळणीवर ती कुठून येणार? पण मिठागरात काम करणाऱ्या बायका होत्या. मीठ धरण्याआधी त्या वाफ्याचा तळ दिवसच्या दिवस पायांनी तुडवतात, तो इतका सपाट होतो की पाणी कुठे कलंडत नाही. भाऊंनी त्यांना चिखलमाती देऊन प्रत्येक गलीभोवती तसा चौक तुडवून घेतला. त्याच्यावर चेंडू इतका सरळ जायचा की मुंबईचे खेळाडू वाकून वाकून बघायचे.

पापडीहून अर्नाळा आम्ही बैलगाडीनं केला. तुम्ही जाणार असाल तर हाच आतला रस्ता धरा: भुईगाव, निर्मळ, वटार, आगाशी. दोन्ही बाजूंना वाड्या, मधूनच विहिरीवर रहाट फिरवणारा रेडा, वटारला रस्त्याकडेला पांढरा क्रूस आणि त्याच्यावर ताजी झेंडूची माळ. सावली इतकी की दुपारी छत्री उघडावी लागत नाही. आगाशीला उतरून सुकेळी घ्या. केळी सोलून उन्हात वाळवलेली ती, केळीच्याच वाळलेल्या सोपटात बांधून देतात. आठ आण्यांची घेतली, निम्मी गाडीतच संपली.

लग्नानंतर मी अर्नाळ्याला पाच दिवस राहिले होते, पण नव्या नवरीला डोक्यावरचा पदर आणि पायाखालची जमीन यापलीकडे काही दिसत नाही. या वेळी पाहिलं. समोर पाण्यात किल्ला, अलीकडे होड्या, आणि किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बोंबील वाळवायच्या वलांड्या. बांबू रोवून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकायचे. मी माहीमच्या कोळीवाड्यातली, मला वासाचं कौतुक नव्हतं. पण एवढ्या वलांड्या एका जागी मी पाहिल्या नव्हत्या.

सासूबाई तिथेच होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आलास? जेवलास?" मग माझ्याकडे बघून, "बाय, त्या पाटीतले दे एकेक करून." मी पदर खोचला. लेक काठ्यांची पिशवी घेऊन उभाच राहिला.

"आये, उद्या आनि परवा खेळ हाय."

"ठावं हाय. भर दुपारचा." त्यांनी तोंड वाकडं केलं. "अष्टमी हाय परवा. अष्टमीला पुळनीवर कोन खेळ मांडतो? तुझ्या त्या पापडीच्या भाऊला इचार."

इथे जरा थांबते, कारण सगळी गंमत, आणि सगळं नुकसानही, याच्यातच आहे. आधीची चार वर्षं स्पर्धा पौर्णिमेच्या आसपास, पहाटे व्हायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली ओसरतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते ओसरतं सकाळी सहाच्या सुमाराला. तेव्हा पुळण एखाद्या मैदानासारखी उघडी पडते. यंदा वर्गणी देणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना पहाटे येणं जमेना. त्यांनी रविवार आणि दुपारी बाराची ओहोटी बघून तारीख दिली आणि भाऊंनी भिडेपोटी हो म्हटलं. पण दुपारी बाराची ओहोटी येते अष्टमीच्या सुमाराला, आणि तेव्हा समुद्राला भांग असतो. पाणी जेमतेम खाली जातं आणि परत फिरतं. कोळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. आमच्या ह्यांनी का नाही सांगितलं, म्हणाल तर ते मुंबईत राहून तिथी विसरले होते. मीही कार्ड वाचून पिशवीच भरली, चंद्र पाहिला नाही.

शनिवारी अकरा वाजता खेळ सुरू झाला आणि व्हायचं तेच झालं. पुळण उघडली ती एखाद्या गल्लीएवढी. शेवटच्या तीन गली पाण्यातच राहिल्या. खेळाडूंनी पहिल्या सहातल्या तीन परत खेळून नऊचा आकडा कसाबसा भरला. हे सगळ्यांत पुढे होते, पुणेकरापेक्षा एका फटक्यानं. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुढचं कळेल.

संध्याकाळी भाऊ वलांड्यांपाशी आले आणि बायकांसमोर हात जोडून उभे राहिले. "आम्ही घड्याळ बघितलं, आकाशाकडं बघितलंच नाही. चूक माझी. उद्याच्या शेवटच्या तीन गली इथं वरती घेऊ द्या."

"वलांड्या काडायच्या नायत," सासूबाई म्हणाल्या. "ओला माल हाय. भर दुपारचा ऊन सोडून आमी काय खेळ बघू?"

"नका काढू. मधून खेळतील." मग फटके लिहून घेणाऱ्या शाळेच्या गुरुजींनी नियम सांगितला. चेंडू वलांडीखाली गेला तर जिथं पडेल तिथूनच मारायचा. कुणी हलवला तर मारण्याआधी परत जागेवर ठेवायचा, मग दंड नाही. हलवलेल्या जागेवरून मारला तर दोन फटके दंड. बायकांनी माना डोलावल्या आणि त्यातल्या निम्म्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मिठागरातल्या बायका तीन नवे चौक तुडवायला आल्या. मीही उतरले. एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीनं पाय मारायचे, टाच आधी, मग पंजा. माझा पाय चुकला की शेजारची हसायची. "मुंबईची सून, नाचतं का काय?" तासाभरात माझ्या पोटऱ्या भरून आल्या. चौकाच्या कडेला उभं राहून सासूबाईंनी हे सगळं पाहिलं. खेळाआधी जेवताना माझ्या पानात बोंबलाच्या कालवणातला मोठा तुकडा पडला.

पाहुणे आले. त्यांच्या मोटारी वाळूत रुतू नयेत म्हणून लांब लावायला लावल्या, त्यामुळे ते चालून घामाघूम झाले होते. वलांड्यांच्या वाऱ्याच्या दिशेला बसल्यावर त्यांच्या नाकाला रुमाल लागले ते शेवटपर्यंत. खेळ सुरू झाला. हे आणि पुणेकर एकत्र होते. सहाव्या गलीपर्यंत एका फटक्याचं अंतर तसंच राहिलं.

सातवी गल वलांड्यांच्या पलीकडे होती. आमच्या ह्यांचा फटका वाऱ्यानं वळला आणि चेंडू टणटण उड्या मारत थेट सासूबाईंच्या वलांडीखाली शिरला. खेळाडू दूर होते, गुरुजी त्यांच्याबरोबर. वलांडीपाशी आम्ही दोघीच, सासू आणि सून.

चेंडू कुठे पडला होता, तर बोंबलाचं पाणी ठिबकून झालेल्या चिखलात. अर्धा बुडलेला. सासूबाईंनी वाकून पाहिलं. त्यांना एवढंच दिसलं की आपल्या पोराची वस्तू घाणीत पडली आहे. त्यांनी तो उचलला, पदरानं नीट, गोल फिरवत पुसला, आणि दोन हात बाजूला कोरड्या, स्वच्छ वाळूवर अलगद ठेवला. मूल पाळण्यात ठेवावं तसा. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी नव्हती. लेकासाठी काहीतरी करायला मिळाल्याचा आनंद होता.

हे आले. "आये, चेंडू हितंच होता?"

"हितंच. मंग कुठं?"

मी तोंड उघडलं. परत मिटलं. सहा महिन्यांची सून, सासूला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं? आणि सासू पहिल्यांदा लेकाचा खेळ बघायला उभी होती, तेव्हा? मी नुसती बघत राहिले. ह्यांनी काठी घेतली, पाय रोवले, आणि तो फटका मारला. चेंडू वलांड्यांच्या दोन रांगांमधून निघाला आणि गलीपासून वीतभर अंतरावर थांबला. पाहुण्यांनी रुमाल बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या, बोंबलाच्या हातांनी.

अर्धं मिनिट. तेवढ्यात मी बोलले असते तर चेंडू चिखलात परत ठेवून खेळ पुढे गेला असता, दंड काहीच नव्हता. ते अर्धं मिनिट मी अजून मोजते.

नवव्या गलीवरही हे एका फटक्यानं पुढेच राहिले. खेळ संपला, भाऊ कप आणायला वळले. मला राहवेना. ह्यांना दुसऱ्यांनी फसवलं असतं तर ते विसरले असते, पण मला माहीत असून मी गप्प बसले हे पुढे कधी कळलं असतं तर? मी पदर सावरून ह्यांच्याजवळ गेले आणि खाली बघत सांगितलं, "सातव्या गलीला चेंडू आईंनी हलवला होता. चिखलात होता. मी पाहिलं."

त्यांनी काठी पिशवीत ठेवली. मग विचारलं, "आधी का नाय सांगलंस?"

"धीर झाला नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सरळ गुरुजींकडे गेले, बोलले, आणि गुरुजींनी वहीत दोन फटके वाढवले. कप पुणेकराला मिळाला, एका फटक्यानं. त्यानं तो घ्यायला दोनदा नकार दिला.

"हरेश, हरलास कसा?" सासूबाईंनी विचारलं. "त्या पोरानं तर तुझ्यासारखा एकपन मारला नाय."

"शेवटाला हात हलला, आये."

"असूदे. सातवीला झ्याक मारलास," त्या म्हणाल्या आणि ओले बोंबील पलटायला गेल्या.

पंक्ती झाल्या, पण पाहुणे जेवायला थांबले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी वर्गणी पाठवली नाही, आणि एकट्या भाऊंना एवढ्या सगळ्यांना बोलावणं झेपेना. अशी ती स्पर्धा पाच वर्षांत संपली. कुठल्या वर्तमानपत्रात तिच्याविषयी ओळ आली नाही. तुम्ही आज गेलात तर विरारहून बस सरळ अर्नाळ्याला सोडते, वलांड्या दिसतील, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेलात तर पुळण किती लांब उघडते तेही दिसेल. गली मात्र पहिल्याच भरतीनं बुजवल्या.

परतीच्या गाडीत मी रडले. हे म्हणाले, "अगं, आयेनं माझ्या खेळाला कधी हात लावला नव्हता. आज लावला. मी काय तिला त्याचा दंड सांगू?" आणि मला म्हणाले, तूही सांगू नकोस. मी कबूल केलं. माहीमला घरी पोचल्यावर त्यांनी काठ्या तेल लावून पुसल्या आणि सोमवारी मागच्या दारानं कामावर गेले. मला वाटत राहिलं, मीच त्यांना हरवलं. मी आधी बोलले असते तरी ते जिंकले असते, नंतर गप्प राहिले असते तरी ते जिंकले असते.

बारा-तेरा वर्षांनी सासूबाई आमच्याकडे माहीमला राहायला आल्या. थकल्या होत्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते, हे कामावर गेले होते. त्या एकदम म्हणाल्या, "तेला तूच सांगलास ना? चेंडूचा?"

मी कंगवा खाली ठेवला.

"गुरुजी मना दुसरेच दिवशी सांगून गेला, दोन फटके कसले ते. पोरगा बोलला नाय, मंग मीपन बोलली नाय. तेला बरा वाटत होता तसा." मग जरा थांबून, "आदी मना राग आला तुजा. लय आला. मंग वाटला, मी खोटा बोलली तेच्याशी, ही नाय बोलली. मी गेल्यावर तेच्याजवल अशीच कोनतरी पायजे."

मी केस तसेच सोडून त्यांच्या पाठीवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "विंचर, विंचर. गुंता ऱ्हाईल."

संध्याकाळी हे आले, आणि मी लगेच, चपला काढायच्या आत, त्यांना सगळं सांगितलं. या वेळी अर्धं मिनिटही घालवलं नाही. ते दारातच खाली बसले. आत सासूबाई झोपल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ह्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "तिनं चेंडू पुसला कशानं होता?"

"पदरानं."

"तरीच," ते म्हणाले. "तसा फटका मला नंतर कधी जमलाच नाही."